विरोधी प्रत

आधी पेनड्राइव्ह होता.
कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून मी तो अर्जुनीला न्यायची,
शनिवारी, काळीपिवळीत, मांडीवर मासोळीचं टोपलं.
एकदा डबीत पाणी शिरलं.
किती लाख बोटुकली सोडली, कोणत्या तारखेला,
सहा महिन्यांचा हिशेब पाण्यात गेला.
बोटुकली तर आधीच तिथं होती.

मग टिकेशनं चार कॉम्प्युटर एका फोल्डरला बांधले:
एक संस्थेच्या खोलीत, पाळीखाली,
एक अर्जुनीत, तपासनीसाच्या टेबलावर,
एक त्याच्या लॅपटॉपात, तो असेल तिथं,
आणि एक जुना, तलावापल्याडच्या खोपडीत,
राखणदाराच्या खाटेखाली.
"आता काकू, इकडे लिवलं का तिकडे दिसते."
मी म्हटलं, आरशासारखं?
"आरशाले करंट लागत नाई. याले लागते."

करंट येतो रात्री दोनला.
तेव्हा टॉवरही जागा होतो,
आणि एकेका फाइलवर हिरवी खूण येते,
शिंगाड्याचं पान खालून वर यावं तशी.
मी बघत बसते. बघण्यासारखं काही नसतं.

मार्चात एका तारखेच्या दोन फाइली झाल्या.
एक माझी. दुसरीच्या नावापुढं लिहिलेलं:
टिकेशची विरोधी प्रत.
माझ्यात मरळ बेचाळीस किलो, त्याच्यात अडतीस.
मी जाळ्यापाशी लिहिलं होतं, त्यानं काट्यापाशी.
मधले चार किलो दोघांतही नव्हते:
एक गेला सुलोचनाकडे, ती बाळंतीण,
दीड त्या भावांकडे, ज्यांचा डोंगा फुटला होता,
उरलेला कोणी मागितला, मी दिला.
कोणती ठेवू, मशीननं विचारलं.
खरी कोणती, असं नाही विचारलं. बरं केलं.

आणि उरकुडा चाचेरे, सभासद क्रमांक सतरा.
तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेले.
तेरावं झाल्यावर मी ती ओळ पुसली,
त्याच नंबरावर पोराचं नाव घातलं.
अर्जुनीतून ओळ गेली, टिकेशकडूनही गेली.
खोपडीतला मात्र पावसाळाभर बंद होता,
उंदरांनी वायर खाल्लेली.
दिवाळीनंतर तो सुरू झाला, आणि सकाळी यादीत
उरकुडा चाचेरे. हिस्सा एक. वर्गणी भरलेली.
खाली अंगठा, निळा.

फोनवर टिकेश म्हणाला,
"त्याले मालूमच नाई ना काकू. बंद होता तो.
त्याले वाटलं, तुम्हीच इसरल्या.
म्हून भरून देल्लं."

मला त्यांची बहीण आठवली.
जंगलातलं गाव, फोन लागत नाही,
तिसऱ्या दिवशी निरोप घेऊन मीच गेले होते.
अंगणात ती शिंगूर वाळवत होती,
डोकी वेगळी काढून ठेवत होती सुपात.
"उरकुडाले लागतेत," म्हणाली, मान वर न करता,
"आला का देईन."
मी दारात उभी राहिले. चप्पल काढली.
पुन्हा घातली.
त्या अंगणात ते तेवढा वेळ होते.

ओळ पुन्हा पुसायची आहे.
चारही सुरू असताना पुसा, टिकेश सांगतो,
नाहीतर परत येईल.
चारही एकदम सुरू असत नाहीत.

काल जाळं ओढलं. वाटे मांडले.
मी यादी होती तशी वाचली.
सतरा, उरकुडा चाचेरे.
कोणी काही बोललं नाही. पाळीवर बगळा.
सतरा, भोजराज उरकुडा चाचेरे.
"हाव," तो म्हणाला.
मग टोपलं पुढं करत,
"पह्यल्याचंबी द्या, मीच नेतो."
लोक हसले, तोही हसला.
मी वाटा एकच दिला, नियमानं.
सही मात्र त्यानं दोन्ही ओळींपुढं केली,
आणि मी ती खोडली नाही.